आईची पुडी एकदम बंद करू नका. आधी दुखण्याचं नाव शोधू

ताई, तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. आई ५४ वर्षांच्या, नागपुरात मानेवाड्याला राहतात. सप्टेंबरात ताप आला, अंगावर पुरळ उठलं, सांधे धरले. गल्लीत सगळ्यांनाच चिकनगुनिया होता म्हणून तपासणी न करता तेच धरून चाललात. ताप चार दिवसांत गेला, पण दोन्ही हातांची बोटं, मनगटं, तळपाय आणि उजवा गुडघा आज पाच महिने झाले तरी सुटलेले नाहीत. रिपोर्टमध्ये आरए फॅक्टर (आमवात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची रक्ततपासणी) निगेटिव्ह, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ६८, युरिक ॲसिड ६.८. एका डॉक्टरांनी ‘युरिक ॲसिडचा वात’ म्हटलं, दुसऱ्यांनी ‘चिकनगुनियाचं आहे, जाईल’. तिसऱ्यांनी मेथोट्रेक्झेट लिहून दिलं, पण मोबाइलवर शोधलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं, म्हणून सुरूच केलं नाही. मग ओळखीतून बिननावाच्या औषधाच्या पुड्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी आई उठून पोळ्या लाटायला लागल्या. आता पुड्यांना तीन महिने झालेत. चेहरा गोल, भरल्यासारखा दिसतो आणि एक दिवस पुडी चुकली तर पलंगावरून उठवत नाही. पुड्या बंद करून मेथोट्रेक्झेट सुरू करावं का, ते आयुष्यभर घ्यावं लागेल का आणि पथ्य काय, हे तुमचे तीन प्रश्न.

मी २७ वर्षं नागपुरात सांध्यांच्या रोग्यांचंच काम करतोय. तरी मी आईचे हात पाहिलेले नाहीत, बोटं दाबून बघितलेली नाहीत, आणि या आजारात निम्मं निदान तिथेच होतं. त्यामुळे खाली लिहितो त्यातलं बरंच ‘असं असेल तर असं’ या स्वरूपाचं आहे. आईंची शुगर, लिव्हर, किडनी, पूर्वी टीबी झाला होता का, यावर औषधाची निवड बदलते. एक गोष्ट मात्र कशावरही अवलंबून नाही, म्हणून ती आधी.

पुडी आज रात्रीपासून बंद, असं करू नका.

हे वाचून तुम्हाला नवल वाटेल, कारण पुडी वाईट आहे हे तुम्हाला कळलंच आहे. पण नीट बघा: तिसऱ्या दिवशी आलेला आराम, तीन महिन्यांत गोल झालेला चेहरा, एक डोस चुकताच गळून गेलेलं अंग. हे चित्र स्टिरॉइडचं आहे. पुडीत नक्की काय आहे हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, पण इतक्या वर्षांत असे चेहरे मी इतके पाहिलेत की तसंच समजून वागा असं मी सांगेन. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज पहाटे शरीराला लागणारं स्टिरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून रोज आयतं मिळायला लागलं की त्या काम थांबवतात, आणि त्यांना पुन्हा कामाला लागायला काही आठवडे, कधी काही महिने जातात. मधल्या काळात बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर उलट्या, चक्कर, बीपी खाली, शुगर खाली, आणि वेळ गेली तर बेशुद्धी. त्यातून जीवही जाऊ शकतो. पुडी चुकल्यावर आईंना उठवत नाही, ते नुसतं सांध्यांचं दुखणं आहे असं मी धरून चालणार नाही.

यावर मार्ग आहे आणि तो अवघड नाही. पुडीच्या जागी मोजून, माहीत असलेल्या मात्रेत प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी सकाळी द्यायची आणि ती आठवड्या-आठवड्यानं उतरवत न्यायची. किती मिलिग्रॅमपासून सुरू करायचं आणि किती वेगानं उतरायचं हे समोर पाहून ठरतं. मध्ये कधी सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासलं की ग्रंथी जागी झाली की नाही ते कळतं. हे दुकानातून गोळी आणून घरी करायचं काम नाही. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पुडी चालू ठेवा, वाढवू नका. आणि या दिवसांत आईंना उलट्या झाल्या, ताप आला, भोवळ आली, तर थेट कॅज्युअल्टीत न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘तीन महिने अंगात स्टिरॉइड जात असावं.’ ते वाक्य ऐकलं की तिथला डॉक्टर पुढचं करतो.

पुडीच्या त्या चमत्काराबद्दल थोडं सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही फसलात असं मनाला लावून घेऊ नये. हा चमत्कार खरा आहे आणि तो जगानं १९४८ साली पाहिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपुरातलं आपलं मेयो हॉस्पिटल नव्हे) फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी आमवातानं अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. काही दिवसांत ती चालायला लागली आणि बाजारात खरेदीला गेली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल मिळालं. तोवर आमवात कायमचा गेला असं अनेकांना वाटत होतं. पण औषध थांबवलं की दुखणं परत यायचं, आणि थांबवलं नाही की चेहरा सुजायचा, हाडं ठिसूळ व्हायची, शुगर चढायची. म्हणजे तुमच्या घरात तीन महिन्यांत जे घडलं, ते तेव्हाच्या मोठमोठ्या डॉक्टरांच्याही बाबतीत घडलं. फरक एवढाच की त्यांना आपण काय देतोय हे माहीत होतं. बिननावाच्या पुडीत मात्रा कुणालाच माहीत नसते.

माझा राग आयुर्वेदावर नाही, हे स्पष्ट सांगतो. आमवात हा शब्दच आयुर्वेदानं दिलाय. शिकलेले वैद्य नाडी पाहतात, औषधाचं नाव कागदावर लिहून देतात, त्यांच्याकडे जाणारे माझे अनेक रोगी आहेत आणि आम्ही एकमेकांचे कागद वाचतो. ज्या औषधावर नाव नाही, घटक नाहीत, चिठ्ठी नाही, ते कुठल्याच शास्त्राचं नसतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही ‘मेथोट्रेक्झेट घ्यावं की नाही’ असं विचारलंय, पण त्याच्या आधीचा प्रश्न सुटलेला नाही: आईंना नक्की झालंय काय? ‘वात आहे’ हे निदान नव्हे. ‘संधिवात’ या एका शब्दाखाली शंभरावर आजार येतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

ओपीडीत मी रिपोर्टच्या आधी तीन गोष्टी विचारतो. सकाळी सांधे मोकळे व्हायला किती वेळ लागतो? लोक म्हणतात, ‘बोटं अकडून राहिली जी.’ मी म्हणतो, घड्याळ नको, काम सांगा. चहाचा कप एका हातानं कधी धरता येतो? केसांना पिन कधी लावता येते? झिजेच्या संधिवातात, म्हणजे उतारवयातल्या गुडघ्यांच्या दुखण्यात, उठल्यावर पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास कडकपणा असतो. दिवसभर वापरलं की संध्याकाळी दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. सुजेच्या संधिवातात उलट असतं: सकाळ सगळ्यात वाईट, तासभर किंवा जास्त कडकपणा, आणि हात हलता झाला की सैल पडतो. दुसरं, सूज कुठे? नखांजवळच्या शेवटच्या पेरांवर टणक, हाडासारख्या गाठी असतील तर ती बहुधा झीज. मुठीच्या उंचवट्यांवर, मधल्या पेरांवर, मनगटावर, दोन्ही बाजूंना सारखी आणि भिजवलेल्या कणकेसारखी मऊ सूज असेल तर आमवाताचा संशय. तिसरं, हात मिळवताना पंजा आडवा हलकेच दाबला तर कळ येते का? घरी करून बघा, पण हळुवार. आमवाताच्या बाईला तेवढ्यानंही डोळ्यांत पाणी येतं.

या कसोटीवर आईंचं वर्णन सुजेच्या बाजूला झुकतं. ईएसआर ६८ हाही तिकडेच बोट दाखवतो, जरी रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन आणि सीआरपी (सुजेचीच दुसरी रक्ततपासणी) बघायला हवं. आणि हा ईएसआर पुड्यांच्या आधीचा की नंतरचा, तेही सांगा. पुडीखाली तो खोटाच कमी दिसतो.

आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे आमवात नाही, हा समज पुष्कळ नुकसान करतो. खऱ्या आमवाताच्या शंभरातल्या साधारण वीस ते तीस रोग्यांत तो निगेटिव्हच असतो, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत उगाच पॉझिटिव्ह येतो. म्हणून जोडीला अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता बरीच पक्की होते, निगेटिव्ह आली तरी दार बंद होत नाही. दोन्ही हातांचा आणि दोन्ही पावलांचा एक्स-रे काढा. पावलांचा मुद्दाम सांगतोय, कारण हाड कुरतडल्याची पहिली खूण पुष्कळदा करंगळीच्या मुळाशी पावलात दिसते आणि तिकडे कुणी बघत नाही. एएसओ नावाची टेस्ट पुन्हा कुणी लिहून दिली तर ‘का’ असं नम्रपणे विचारा. ती लहान मुलांच्या संधिवाताच्या तापासाठी आहे, पन्नाशीतल्या बाईच्या बोटांसाठी नाही.

युरिक ॲसिडचं पटकन सांगतो. ६.८ हे बायकांच्या मानानं जरा जास्त, पण नुसता आकडा म्हणजे गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा वात, नव्हे. गाऊट रात्रीतून येतो, बहुधा पायाच्या अंगठ्यात किंवा घोट्यात. एकच सांधा लालभडक होतो, त्याला चादर लागलेली सोसत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत तो आपोआप ओसरतो. दोन्ही हातांची बारीक बोटं पाच महिने सुजत राहिली तर ते युरिक ॲसिडवर ढकलू नये. आकडा कमी करायची गोळी त्यासाठी आईंना आत्ता लागत नाही.

राहिला चिकनगुनिया, आणि नागपूरकर डॉक्टरला तो टाळता येत नाही. २००६ च्या साथीत आमच्या ओपीडीच्या रांगेतली माणसं भिंत धरून चालायची. २०२४ च्या पावसाळ्यात ते चित्र पुन्हा दिसलं. हा शब्दच आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचा. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत, काही महिन्यांत सुटतात. काहींचे मात्र वर्ष-दोन वर्षं रेंगाळतात आणि हुबेहूब आमवातासारखे दिसतात. चिकनगुनियानंतर खरा आमवात सुरू झालेलेही मी पाहिले आहेत. तो ताप नसता तर त्यांना तो झाला नसता का, हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून ‘चिकनगुनियाचं आहे, जाईल’ हे वाक्य पहिल्या दीड महिन्यात मीही म्हणतो. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर म्हणत नाही. तेव्हा मी तिच्याकडे सुजेचा संधिवात म्हणूनच बघतो, कारण सुजलेलं अस्तर कूर्चा आणि हाड कुरतडायला लागलं तर ते कुरतडलेलं परत भरत नाही. आमवातात सर्वांत जास्त नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच होतं. आईंचे पाच महिने गेलेत. घाबरायचं कारण नाही, पण अजून सहा महिने असेच जाऊ द्यायचे नाहीत.

वाळवी लागलेली चौकट आठवा. वरून रंग दिला की छान दिसते. नुसती पेनकिलर म्हणजे तो रंग. स्टिरॉइडनं वाळवी काही काळ थंडावते, पण बेहिशेबी मात्रेत ते लाकूडही आतून ठिसूळ करतं. वाळवीवरच काम करणारी जी औषधं आहेत, त्यांत पहिलं नाव मेथोट्रेक्झेटचं.

त्याच्या भीतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही भीती मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. होय, ते कॅन्सरमध्ये वापरतात. तिथे शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅम शिरेतून देतात. आमवातात आठवड्याला साधारण १० ते २५ मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारत नाही, चिडलेली रोगप्रतिकारशक्ती शांत करतं. या औषधामागे एक तेलुगू माणूस आहे. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. फॉलिक ॲसिड आणि त्याला अडवणारी औषधं त्यांच्या चमूनं तयार केली, मेथोट्रेक्झेट त्याच घराण्यातलं. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे हे नवं, अर्धवट माहितीचं औषध नाही. त्याचे गुण-दोष आम्हाला पाठ आहेत, आणि ते स्वस्तही आहे.

धोका खरा कुठे आहे ते सांगतो. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बरीच वर्षं झाली, उमरेडकडच्या एक काकू तोंडात पाणीसुद्धा घेता येत नाही अशा अवस्थेत माझ्याकडे आल्या. तोंडभर फोड, पांढऱ्या पेशी घसरलेल्या. कुठल्याशा दुकानात कुणीतरी त्यांना ‘रोज एक’ सांगितलं होतं आणि त्यांनी नऊ दिवस भक्तिभावानं घेतलं. भरती करून, उतारा देऊन त्या वाचल्या. पण त्या नऊ दिवसांनी मला कायमचं शिकवलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर गोळीपुढे वाराचं नाव अक्षरी मराठीत लिहितो, घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावून त्याच्या तोंडून वदवून घेतो, आणि कालनिर्णयवर त्या वारांना लाल गोल करायला लावतो. तुमच्याकडे गुरुवार ठरला तर प्रत्येक गुरुवारी एक लाल गोल, गोळी घेतली की त्यावर फुली. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी, वेगळ्या डबीत. दोन्ही गोळ्या पिवळसर असू शकतात, म्हणून डबी एक करायची नाही.

सुरू करण्याआधी रक्ताच्या पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन, कावीळ बी आणि सी, आणि छातीचा एक्स-रे. घरात कुणाला टीबी झाला असेल तर न विसरता सांगा. सुरू केल्यावर पहिल्या तीन महिन्यांत महिन्या-महिन्यानं रक्त तपासायचं, मग तीन महिन्यांनी. गोळीच्या दिवशी काहींना मळमळतं. रात्री जेवल्यावर घेतली की पुष्कळांना सोसते. ताप, खोकला, तोंड येणं, जुलाब असं काही झालं तर त्या आठवड्याची गोळी थांबवून फोन करायचा. दारू पूर्ण बंद. आईंना लागू नसलं तरी वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी सांगतो: गर्भ राहायचा विचार असेल तर हे औषध चालत नाही. कित्येक महिने आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावं लागतं.

त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच लोक सोडून देतात, कारण पुडीनं तीन दिवसांत केलेलं यानं महिन्यातही होत नाही. म्हणूनच मघाशी सांगितलेलं प्रेडनिसोलोन दोन कामं करतं: ग्रंथींना सांभाळून घेतं आणि मेथोट्रेक्झेटचा गुण येईस्तोवर आईंना पोळी लाटता येईल इतपत उभं ठेवतं. मग ते उतरवत न्यायचं, आणि मागे मेथोट्रेक्झेट उभं राहतं. काहींना जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देतात, त्यासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात.

आयुष्यभर? चिकनगुनियाचंच रेंगाळलेलं असेल तर पुष्कळांचं औषध वर्ष-दोन वर्षांत सुटतं. खरा आमवात असेल तर बीपीच्या गोळीसारखं दीर्घकाळ धरून चाला. वर्षभर सूज अजिबात नसेल तर मात्रा हळूहळू कमी करता येते, काहींची बंदही होते, पण बंद केल्यावर परत येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. आज यातलं कोणतं होईल ते मी सांगू शकत नाही, आणि आज ते ठरवायचीही गरज नाही. आज फक्त पुढच्या तीन महिन्यांचं ठरवायचं आहे.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ: पुडी चालू ठेवून डॉक्टर गाठायचे, पुडीच्या जागी मोजलेली गोळी, दरम्यान तपासण्या, आणि निदान सुजेच्या संधिवाताकडे गेलं तर मेथोट्रेक्झेट. आता पथ्य.

आमच्या भागात सांधे दुखले की पहिला बळी तुरीच्या वरणाचा जातो, मग दही, वांगं, टोमॅटो, चिंच, लिंबू. दोन-तीन महिन्यांत बाई नुसत्या पोळी-दुधीवर येते, दंड वाळतात आणि अशक्तपणालाही ‘वात वाढला’ म्हणतात. आंबट खाल्ल्यानं आमवात वाढतो याला मला आधार सापडलेला नाही. एखाद्या पदार्थानं तुम्हाला दरवेळी त्रास होतोच असं दिसलं तर तो तेवढा सोडा. सरसकट सगळं सोडू नका. स्टिरॉइड पोटात गेलेल्या बाईला दूध-दही आणि डाळ उलट जास्त लागते, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. आपल्याकडची जवसाची चटणी रोज एक चमचा खुशाल खा, जवसातली चरबी चांगली असते. फक्त तिला औषध समजू नका. गाऊटच्या रोग्यांचं पथ्य वेगळं: कलेजी-भेजा, मटणाचा मारा आणि बिअर यांनी युरिक ॲसिड खरंच चढतं. डाळी-पालकाला तिथेही उगाच बदनाम केलंय. आईंना तंबाखूची काही सवय असेल, खर्रा असो की दातांना लावायची मशेरी, तर ती मात्र सुटायलाच हवी. हिरड्यांचे जुनाट आजार आणि आमवात यांचा संबंध आहे, आणि घरात कुणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर तो धूरही आईंच्या वाट्याला नको. आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. नागपूरच्या उन्हात राहूनही बायकांमध्ये ते कमी निघतं, कारण ऊन टाळण्यातच दिवस जातो.

पेनकिलरबद्दल एकच. मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि अशा कोरड्या पडलेल्या किडनीवर रोजची पेनकिलर मोठा घाव घालते, बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच. स्टिरॉइडसोबत घेतली तर पोटात अल्सरही होऊ शकतो. गुडघ्यावर लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल त्यामानानं सोसणारं आहे.

हातपाय हलवण्याबद्दल दोन टोकं दिसतात: एक तर पूर्ण आराम, नाहीतर सुजलेल्या सांध्याला रगडून मालीश. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्याला विश्रांती आणि थंड शेक. रगडायचं नाही, तेल लावायचं तर नुसतं लावायचं. सूज ओसरली की हालचाल. थंडीच्या सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून पाण्यातच मूठ उघडा-मिटा, दहा मिनिटं. गुडघ्यासाठी खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळून दहा अंक मोजायचे, सोडायचं. प्रत्येक पायानं दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. वजन वाढलं असेल तर एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. काठी लागली तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. घरात खाली बसायची शौचाची जागा असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती आजच आणा. कपडे पिळणं, घट्ट झाकणं उघडणं, भरलेला कुकर एका हातानं उचलणं ही कामं घरातल्या पुरुषांनी घ्यावीत. मी हे चिठ्ठीवर लिहून देतो, कारण तोंडी सांगितलं तर बाई घरी सांगतच नाही.

गुडघा बदलावा लागेल का, हे तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. आत्ता तो विषयच नाही. आधी सूज घालवायची, मग उरेल तो गुडघा कसा आहे ते बघायचं. पुढेमागे लागलाच, तर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली होती, तेव्हा बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा मागून घ्या.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक, कारण हे चुकलेलं मी वारंवार पाहतो. तरुण मुला-मुलींचे हातपाय, कंबर, खुबा सारखा दुखत असेल आणि लहानपणापासून रक्त कमी असेल, तर ‘वात’ म्हणण्याआधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. आपल्या भागात तो आजार बराच आहे. आणि कोणत्याही वयात एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत थंडी-ताप, अशी अवस्था असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथे उद्याची वाट बघायची नाही.

ताई, जमलं तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. खिसा तपासायचा असेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांमध्ये मेडिसिनच्या ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावा. जाताना पुड्या फेकून देऊ नका, दोन-तीन पर्समध्ये घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून लपवलेली पुडीच सगळ्यात जास्त घात करते. जुने सगळे रिपोर्ट, आणि सकाळी सहा वाजता काढलेला आईंच्या दोन्ही हातांचा फोटो. दुपारी ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज निम्मी झालेली असते. शुगर आणि बीपी तिथेच बघायला सांगा. जांघेत दुखत असेल तर तेही सांगा, कारण स्टिरॉइडनं खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

आणि आईंनी तुमच्यामार्फत विचारलंय की यंदा कुरड्या घालता येतील का. यंदा चीक तुम्ही हाटा आणि सोऱ्याही तुम्हीच फिरवा. त्यांना गच्चीवर सावलीत खुर्ची द्या, मीठ किती आणि चीक शिजला की नाही ते त्या सांगतील. औषध लागू पडलं तर पुढच्या उन्हाळ्यात सोऱ्या त्यांच्या हातात देऊन बघू.